"ताई, कॉफी थंड का देता?" | दोन कप, एक थर्मामीटर आणि लातूरची गिऱ्हाइकं

नमस्कार मंडळी. आज कॅमेरा दुकानातच लावलाय, काउंटरच्या आतल्या बाजूला. मागं मशीनचा आवाज येईल, भाऊ काम करू लालाय आणि त्याला थांबवता येत नाही, कारण पाच वाजलेत आणि ट्युशनवाली पोरं आता यायला लागतील.

विषय एकच. मागच्या तीन-चार व्हिडिओंखाली तुम्ही सगळे एकच विचारू लालेत, आणि गंजगोलाईच्या बाजूच्या या आमच्या बारक्या दुकानात मला ते रोज तोंडावर ऐकायला मिळतं. "ताई, कॉफी गरम का नाही?" विचारणारा विचारतो तरी, न विचारणारा अर्धा कप तसाच ठेवून जातो आणि रात्री रिव्ह्यू टाकतो, "टेस्ट छान, कॉफी थंड". ती एक ओळ माझ्या डोक्यात दोन-दोन दिवस राहते, कारण तो माणूस गेला ना. त्याला मी काय सांगणार आता.

तर हे बघा. (दोन कप कॅमेऱ्याजवळ) दोन्हीत तीच कॉफी, तेच दूध. डाव्या कपातलं दूध मी ६२ डिग्रीला थांबवलंय, उजव्यातलं ८० पर्यंत जाऊ दिलंय. कपात ओतल्यावर आत्ता डावा ५९ आणि उजवा ७५ दाखवतोय. हे दोन्ही इथंच राहू द्या, आपण बोलत राहू आणि शेवटी बघू.

बेसिक पटकन सांगते, बऱ्याच जणांना माहितीय. बारीक दळलेल्या कॉफीतून ९ बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, प्रेशरनं गरम पाणी काढलं की एस्प्रेसो, आम्ही १८ ग्रॅम पावडर घेतो, २५ ते ३० सेकंदात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरते. त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो, दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस पातळ म्हणजे लाटे. फिल्टर कॉफी वेगळी, ती भांड्यात थेंब थेंब उतरते आणि तिच्या पावडरीत बऱ्याचदा चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, असते, पाकिटावर टक्के छापलेले असतात ते वाचून घ्या, आपल्या देशात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. झालं बेसिक.

आता दूध. वाफेनं दूध तापवतो तेव्हा ६० ते ६५ च्या दरम्यान ते सगळ्यात गोड लागतं. साखर न घालता. दुधाची स्वतःची जी गोडी असते ती तिथं जिभेला नीट कळते. ७० च्या पुढं गेलं की दुधातली प्रथिनं मोडायला लागतात, फेस खरखरीत होतो, मोठे मोठे बुडबुडे येतात, आणि एक वास येतो, शिजलेल्या दुधाचा. आता हा वास आपल्याला अनोळखी नाही, बासुंदी आटवताना घरभर तोच असतो आणि तिथं तो हवाच असतो. चहातही चालतो कारण चहात पत्ती उकळलेली असते, आलं असतं, साखर असते. कॉफीत तो वास आला की कॉफी मागं पडते, कडू तेवढं पुढं येतं, मग गिऱ्हाईक म्हणतं कडू आहे, मग दोन चमचे साखर, आणि आपण नेमकं काय पिलो हे कुणालाच कळत नाही.

एका ताईंची कॉमेंट होती, "म्हणजे तुम्ही कच्चं दूध देता का?" चांगला प्रश्न आहे, विचारायलाच पाहिजे. नाही. आम्ही पाश्चराइज्ड पिशवीचं दूध वापरतो, ते डेअरीत ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. पंधराच सेकंद, म्हणून त्याचा वास तेवढा बदलत नाही. गवळ्याकडून सुटं म्हशीचं दूध घेत असाल तर घरी उकळूनच घ्या, तिथं माझं ६२ डिग्री ऐकू नका.

हे सगळं मी कुणाला काउंटरवर सांगायला गेले की समोरचा म्हणतो, "ताई, ते डिग्री-बिग्री राहू द्या, आम्हाला गरम लागतं." आणि मला तेही पटतं. आमच्या घरात चहा गॅसवरून उतरला की थेट कपात येतो. पण मी एक दिवस आमच्या दादांकडं नीट बघितलं, दादा म्हणजे वडील. चहा आला कडकडीत. दादांनी तो बशीत ओतला, दोनदा फुंकर मारली, मग पहिला घोट. मी त्या बशीत हे थर्मामीटर टाकलं. ५८! म्हणजे बघा, कडकडीत चहा पिणारा माझा बाप पितो ५८ लाच. सगळे तसंच पितो आपण. कपात वाफ दिसली पाहिजे एवढंच आपल्याला पाहिजे असतं, पिताना तो बशीनं थंड केलेला असतो. आमच्या कपाला बशी आहे पण त्यात कुणी ओतत नाही, म्हणून ते फुंकर मारायचं काम आम्ही आधीच करून देतो. भाजलेल्या जिभेला काही कळत नाही हो, मीठ कळत नाही तर कॉफी काय कळणार. आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेनं ६५ डिग्रीच्या वर एकदम गरम पेयं पिणं हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवलंय, चहा असो, कॉफी असो, काहीही. घाबरवायला नाही सांगत, पण रोज पिणाऱ्याला माहिती असावं.

(भावाकडं बघून) दोन फिल्टर आणि एक कोल्ड, हो, ऐकलं.

मधेच पाण्याचं सांगते कारण त्यावरही कॉमेंटा येतात. "पाण्याचा ग्लास अर्धाच का देता, कंजूसपणा कशाला?" अहो, हे लातूर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आपल्याला, पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत आई आणि मी घागरी घेऊन रांगेत उभं राहायचो. ते बघितलेल्या माणसाला भरलेला ग्लास दोन घोट पिऊन सोडलेला बघवत नाही. अर्धा घ्या, परत मागा, दहा वेळा मागा, दहा वेळा आनंदानं देईन. बोअरचं पाणी आपल्याकडं जड, त्यातले क्षार मशीनच्या पाइपात बसतात म्हणून आरओ लावावंच लागतं, आणि आरओचं जे पाणी बाहेर पडतं ते आम्ही फरशी आणि भांड्यांना वापरतो. बास, परत कॉफीवर.

खरा घोळ कुठं होतो सांगू का? "कडक" या शब्दात. एक मावशी आल्या, "बाळा, एक कॉफी दे, चांगली कडक." भावानं काय केलं, डबल शॉट टाकला, म्हणजे एस्प्रेसो दुप्पट. कारण चहावाल्याकडं कडक म्हणजे पत्ती जास्त. मावशींना पाहिजे होती गरम. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि पैसे देऊन निघून गेल्या, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी एक पोरगा, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारा, तोही "कडक" म्हणाला, आम्ही शहाणे झालेलो, दूध जास्त गरम करून दिलं. तो म्हणाला, "ताई, ही तर पातळ आहे, रात्री दोनपर्यंत जागायचंय मला." त्या दिवसापासून काउंटरवर कुणीही कडक म्हणालं की आम्ही विचारतो, "गरम का स्ट्राँग?" दोन सेकंद लागतात. तुम्ही कुठल्याही कॉफीच्या दुकानात जा, लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला, कडक म्हणू नका, गरम पाहिजे तर गरम म्हणा, स्ट्राँग पाहिजे तर स्ट्राँग म्हणा. तुमचे पैसे वाचतील आणि आमचं दूध.

आणि ज्याला खरंच गरम पाहिजे त्याला मी नाही म्हणत नाही. आधी सांगा, मी दूध ६८-७० ला नेते, कप गरम पाण्यानं धुवून घेते. चव थोडी बदलेल एवढं सांगते आणि देते. फक्त आधी सांगा हो. नंतर तीच कॉफी परत तापवून द्या म्हणाला तर ते मी करत नाही, एकदा फेस झालेलं दूध परत तापवलं की ते कुठल्याच कामाचं राहत नाही, अशावेळी मी नवीन करून देते.

आता तिसरी बाजू, ही तुमच्या हातातली आहे. कप टेबलवर आला की काय होतं? पंख्याखालची जागा सगळ्यांना पाहिजे, मे महिन्यात तर विचारूच नका. मग फोटो. मग रील. मग "थांब, पूजाला येऊ दे". कपातली कॉफी पंख्याखाली दर मिनिटाला डिग्री-दीड डिग्री उतरते, मी मोजलंय, आणि डिसेंबरात कप थंडगार असेल तर ओतता ओतताच तीन-चार डिग्री जातात, म्हणून आमचे कप मशीनच्या डोक्यावर पालथे ठेवलेले दिसतात तुम्हाला, ते शोभेचे नाहीत. फोटो काढा, मला आवडतं, आमचीच जाहिरात होते. पण पहिला घोट घ्या आणि मग फोटो काढा. फेसावर ओठांची खूण आली तर येऊ द्या.

"नव्वद रुपयांत नऊ चहा येतात" अशी एक कॉमेंट दर आठवड्याला असते. येतात. ज्याला चहा प्यायचाय त्यानं बाजूच्या मामांकडं प्यावा, मीही सकाळी त्यांच्याकडंच पिते, सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता, खाल्ल्यावर त्यांचाच चहा लागतो मला. आमच्याकडं काहीजण एका कपावर तीन तास बसून बायोलॉजीचं अख्खं प्रकरण संपवतात, मी त्यांना उठवत नाही. गावाकडून आई-वडील भेटायला येतात रविवारी, पोरगी त्यांना इथं घेऊन येते, होस्टेलवर बसायला जागा नसते म्हणून. ते नव्वद रुपये त्या खुर्चीचे पण आहेत.

अशाच एका रविवारी एक आप्पा आले होते, औशाकडचे, धोतर, पांढरी टोपी, सोबत नात. मेनू हातात घेतला आणि सगळ्यात कमी किमतीवर बोट ठेवून सांगितलं. ती एस्प्रेसो. मी काही न बोलता बनवून दिली. बारक्या कपात तेवढीशी काळी कॉफी बघून आप्पांनी नातीकडं बघितलं, नातीनं खाली बघितलं, आणि त्यांनी औषध घ्यावं तशी एका घोटात संपवली. "बरी हाय" म्हणाले. मला आजपण ते आठवलं की पोटात कालवतं. मला माहीत होतं ना, त्यांना माहीत नाही ते. मी सांगायला पाहिजे होतं, "आप्पा, ही लई कडू असते, दुधाची देऊ का?" एवढंच वाक्य. कारण मी स्वतः ते भोगलंय. पुण्यात शिकायला गेले तेव्हा एका मोठ्या कॅफेत मी "यात दूध असतं का?" असं मराठीत विचारलं तर काउंटरवरचा मुलगा बाजूच्याकडं बघून हसला आणि इंग्रजीत उत्तर दिलं. मी कशावर तरी बोट ठेवलं, प्यायले, आणि वर्षभर परत कुठल्याच कॅफेत गेले नाही. आमच्या दुकानात तसं कुणाला वाटू नये म्हणून आता मेनूवर प्रत्येक नावाखाली मराठीत लिहिलंय, दूध आहे का नाही, कप केवढा, कडू किती. वाचता येत नसेल तर विचारा, परत परत विचारा. आप्पांची नात अजून येते. आप्पा आले की मला सांग म्हणून तिला सांगून ठेवलंय.

बरं, थर्मामीटर. दहा मिनिटं झाली. (कप पुढं घेत) डावा ४७. उजवा ५८, म्हणजे आता दादांच्या बशीएवढा. वरून बघा, डाव्याचा फेस अजून गुळगुळीत आहे, चमक आहे. उजव्याचा बसला, कडेला साय धरलीय, आणि वास घेतला तर बासुंदीचा येतोय. आधी हा उजवा पिते. ... गरम आहे, हो. पण दूधच लागतंय, कॉफी शोधावी लागतेय. आता डावा. ... कोमट आहे, आणि तरी गोड लागतोय, साखर नाही यात. हा मी पूर्ण पिणार आहे.

उजवा भावाला देते, त्याला तसाच आवडतो. पोरं आली, ठेवते.