काबर फे : मॅकेन्झींच्या ढालीवरचं हरीण

निळी ढाल, आणि तिच्यावर सोनेरी मुंडकं. मानेशिवाय, थेट आपल्याकडे बघणारं. स्कॉटलंडच्या मॅकेन्झी कुळाचं हे हरीण. तिथल्या गेलिक भाषेत म्हणतात 'काबर फे', हरणाची शिंगं.

पर्यटकांच्या दुकानात कपांवर ही ढाल 'मॅकेन्झी कुळाची ढाल' म्हणून विकतात. स्कॉटलंडच्या कायद्याला ते मान्य नाही. आपल्याकडे देवक अख्ख्या कुळाचं असतं, ही ढाल मात्र एकाच माणसाची. १६७२ पासून लॉर्ड लायनच्या, म्हणजे अशा चिन्हांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदवहीत ज्याचं नाव चढतं, त्याची. बाकीच्या मॅकेन्झींनी लावायचा तो हा बिल्ला : भोवती बकलाचा पट्टा, आत पेटलेला डोंगर. ब्रीद लॅटिन, 'मी तळपतो, जळत नाही.'

आता हे चित्र बघा. एडिनबराच्या नॅशनल गॅलरीत एवढी भिंत व्यापून बसलंय. रुंदी जवळपास १७ फूट. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर खाली पडलाय, चवताळलेलं हरीण अंगावर आलंय आणि भाला घेऊन मध्ये घुसलाय कॉलिन फिट्झजेराल्ड. राजानं खूश होऊन त्याला हरणाचं मुंडकं बहाल केलं, सोबत ब्रीद : 'राजाला साहाय्य कर.' मॅकेन्झी स्वतःला या आयरिश वीराचे वंशज सांगत. आजचे इतिहासकार ते मानत नाहीत.

चित्र बेंजामिन वेस्टचं, १७८६ चं. काढून घेतलं कुळाचा प्रमुख फ्रान्सिस मॅकेन्झी यानं. का, ते या किल्ल्याला विचारा.

आयलन डोनन, मॅकेन्झींचा किल्ला. १७१९ मध्ये ब्रिटिश राजाविरुद्धच्या बंडात इथे बंडखोरांच्या मदतीला आलेले स्पॅनिश शिपाई होते. ब्रिटिश आरमाराच्या तीन जहाजांनी तोफा डागल्या, मग दारूनं किल्ला उडवला. (हे देखणं रूप १९१२ ते १९३२ मधलं.) त्याआधी १७१५ च्या अशाच बंडापायी घराण्याची सरदारकीही गेली होती. अशा घराला राजाचा जीव वाचवणारा पूर्वज १७ फुटांचाच हवा!

फ्रान्सिसकडे प्रमुखपद आलं ते थोरल्या भावाच्या मरणानं. हा भाऊ, कर्नल थॉमस, 'रेंजर' या इंग्रजी जहाजावर होता. एप्रिल १७८३. मराठे-इंग्रजांमधला सालबाईचा तह होऊन गेलेला, तरी कोकण किनाऱ्याजवळ आनंदराव धुळपांच्या मराठा आरमारानं जहाज गाठलं. थॉमस घायाळ झाला, आणि विजयदुर्गला वारला.

पुढे १७९३ मध्ये फ्रान्सिसनं राजासाठी पलटण उभारली, ७८ वी. १८०३ मध्ये ती असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेली. हरणाच्या घरच्या त्या पलटणीला मान म्हणून मिळालं नवं चिन्ह : हत्ती.