भूल उतरेपर्यंत

(माहितीपटाचे निवेदन)

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. स्वयंपाकघरातील दिवा लागताच राणी उठते आणि भिंतीचा अंदाज घेत आपल्या भांड्यापाशी येऊन बसते, कारण गेली दोन वर्षे दिवा, खाणे आणि पाठीवरची कातडी चिमटीत धरून टोचलेली बारीक सुई याच क्रमाने तिचा दिवस उजाडत आला आहे. आज मात्र भांडे रिकामे राहणार आहे. नऊ वर्षांच्या राणी या कुत्रीला मधुमेह आहे, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे आणि आज सकाळी तिच्यावर शस्त्रक्रिया आहे.

तिचे डोळे जवळून पाहिले, तर बाहुलीच्या जागी दुधाळ काचेचा तुकडा बसवल्यासारखा भासतो. रक्तातील जादा साखर डोळ्याच्या भिंगात शिरते आणि तेथे तिचे सॉर्बिटॉल तयार होते. हे सॉर्बिटॉल भिंगातून सहजासहजी बाहेर पडत नाही. ते पाणी ओढून घेते, भिंगाचे तंतू फुगतात आणि पारदर्शक भिंग गढूळ होते. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना आज ना उद्या हे भोगावे लागते, आणि कित्येकदा काही आठवड्यांतच दृष्टी जाते.

आजच्या सकाळची तयारी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली, आणि ती या वहीत आहे. राणीला सांभाळणारे आजोबा रोज वेळ, खाणे, इन्सुलिनचे युनिट आणि साखरेचा आकडा अशा चार रकान्यांत नोंद करतात. एका पानाच्या कोपऱ्यात वाळलेल्या रक्ताचा तपकिरी ठिपका दिसतो, तोही त्याच कामाचा. ही शस्त्रक्रिया तातडीची नसल्यामुळे साखर स्थिरावेपर्यंत डॉक्टरांनी तारीख दिली नाही. मधल्या काळात लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी द्रव्ये, आहेत का ते पाहिले गेले आणि दात व मूत्रमार्ग यांत जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली गेली, कारण असा संसर्ग असेल तर इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. गढूळ भिंगामागचा पडदा थेट दिसत नाही, म्हणून तो अजून प्रकाशाला प्रतिसाद देतो की नाही, याचीही वेगळी चाचणी झाली. पडदाच निकामी असता, तर भिंग बदलून काहीच साधले नसते.

आजोबांच्या हातातील ही इन्सुलिनची छोटी बाटली पाहताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्वादुपिंड काढले की मधुमेह होतो, हे १८८९ मध्ये फॉन मेरिंग आणि मिन्कोव्हस्की यांना एका कुत्र्यामुळे कळले. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क प्रथम कुत्र्यांनाच टोचला, आणि जानेवारी १९२२ मध्ये तशाच अर्काचे इंजेक्शन एका चौदा वर्षांच्या मुलाला मिळाले. माणसाच्या हाती इन्सुलिन आले ते कुत्र्यांच्या जिवावर, आणि म्हणूनच राणीच्या वाट्याचे इन्सुलिन तितक्याच काळजीने मोजले जावे, असे आम्हांला वाटते. या मोजण्यात सिरिंजही आली: चाळीसच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असलेल्या) इन्सुलिनला चाळीसची आणि शंभरच्या इन्सुलिनला शंभरचीच सिरिंज लागते, अन्यथा मात्रा अडीच पटींनी चुकते.

कानाच्या कडेवर हलकेच टोचून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीने ओढून घेतला आणि आकडा आला २१४. राणीची नेहमीची मात्रा आठ युनिट आहे; आज आजोबा चार भरतात. उपाशी पोटी पूर्ण मात्रा दिली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते आणि मुळीच दिली नाही तर ती चढत राहते. त्यामुळे बहुधा निम्म्याच्या आसपास मात्रा दिली जाते. परंतु ती किती असावी, हे त्या सकाळचा आकडा ऐकून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. उपास लांबू नये म्हणून आजच्या यादीत राणीचा क्रमांक पहिला आहे. मधुमेही प्राण्याला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा पहिला क्रमांक आग्रहाने मागून घ्यावा.

पुढच्या पायावरचे केस काढून शिरेत सुई बसवली आहे. राणीला भूल चढली आहे, आणि भिंग फोडून शोषून घेणारे उपकरण डोळ्यात जाण्यापूर्वी मॉनिटरवर हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या रेषा धावू लागल्या आहेत. यांतील एकही रेषा साखर सांगत नाही. जागेपणी साखर उतरली असती, तर राणी थरथरली असती, लडखडली असती, खाणे मागत आली असती; भूल दिलेला प्राणी यांतील काहीच करू शकत नाही. साखर घसरल्याचे वेळेत लक्षात आले नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, प्राणी दगावूही शकतो.

म्हणून दर अर्ध्या तासाने हिरव्या कापडाखालून एक हात कानापर्यंत जातो. १९८. मग १७१. मग १२८. भूलतज्ज्ञांना आकडा साधारण १५० ते २५० यांच्या दरम्यान हवा आहे. भूलतज्ज्ञ सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, मिसळतात, आणि पुढचा थेंब १५६ दाखवतो. मांजरांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. नुसत्या भीतीनेही त्यांची साखर बरीच वर जाते, त्यामुळे दवाखान्यातील आकड्याचा अर्थ लावताना घरच्या वहीचा मोठा आधार होतो.

(शुद्धीवर येण्याचे दृश्य. येथे तीस सेकंद निवेदन नाही.)

गिळता येऊ लागल्यावर राणीला थोडेसे खाणे दिले जाते. संध्याकाळची मात्रा ती किती खाते यावर ठरणार आहे. गळ्यात कॉलर असेल, दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालावे लागतील, आणि त्यांत स्टेरॉइड असेल तर साखर थोडी वर सरकू शकते, म्हणून वहीचे रकाने आणखी काही आठवडे तितक्याच नेमाने भरायचे आहेत.

रात्रीची नोंद आजोबांच्या अक्षरात आहे: अर्धे भांडे खाल्ले, डॉक्टरांना फोन करून पाच युनिट दिले, साखर २३१.

दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. स्वयंपाकघरातील दिवा लागतो.

(यापुढे निवेदन नाही.)