हजेरीपटावर नसलेला माणूस

नमस्कार. कामामुळे होणाऱ्या आजारांचा अभ्यास मी बरीच वर्षं करतो आहे. आज मला ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे तो कुठल्याच कारखान्याच्या हजेरीपटावर सापडत नाही. त्याला शोधायला हवं हे मला फार उशिरा समजलं. त्याच्याकडे जाण्याआधी तीनशे वर्षं मागे जाऊ.

इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य राहत होते. त्यांच्या घरचा मैल्याचा खड्डा उपसायला एक माणूस आला. तो इतक्या झपाट्याने उपसत होता की रामाझिनींना त्याची दया आली. एवढी घाई कशाला, जरा दमाने कर, असं ते म्हणाले. त्या माणसाने मान वर केली आणि सांगितलं की या जागी चार तासांहून जास्त थांबणं म्हणजे काय, ते इथे उतरल्याशिवाय कळायचं नाही, डोळे जातात. तो बाहेर आल्यावर रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लाल झाले होते, नजर अंधुक होती. यावर तुम्ही काय उपाय करता, हेही त्यांनी विचारलं. घरी जायचं, अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायचं आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचं, एवढाच उपाय होता.

1700 साली रामाझिनींचं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक आलं. रोग्याला काय काय विचारावं हे जुन्या ग्रीक वैद्यांनी सांगून ठेवलं होतं. त्या यादीत रामाझिनींनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? आमच्या शाखेचा जन्म या प्रश्नापासून मानतात. मला मात्र त्याच हकिगतीतली पुढची नोंद जास्त मोलाची वाटते. शहरात भीक मागणाऱ्या आंधळ्या माणसांमध्ये हेच काम केलेले कितीतरी जण आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. खड्ड्यात उतरलेला माणूस त्यांनी पाहिलाच, पण जो आता खड्ड्यात उतरूच शकत नव्हता, त्यालाही त्यांनी रस्त्यावर ओळखलं.

माझ्या पहिल्या मोठ्या पाहणीत मी नेमकं हेच केलं नाही. दगडाची पूड करणारा कारखाना होता. मी हजेरीपट मागून घेतला, त्यातल्या प्रत्येकाला यंत्रात फुंकर मारायला लावून फुप्फुसांची ताकद मोजली, छातीचे एक्स-रे काढले. निकाल चांगले आले. बाहेरच्या सर्वसाधारण लोकांपेक्षाही थोडे चांगलेच. मी समाधानाने अहवाल लिहायला बसलो. शेवटच्या दिवशी सामान बांधत असताना गोण्या शिवणाऱ्या एक बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ज्यांना धाप लागत होती ते कधीच घरी बसले. त्यांची फुंकर कधी मोजणार?”

तो अहवाल मी दिला नाही. बाईंनी एका वाक्यात जे सांगितलं त्याला आमच्या शास्त्रात भारदस्त नाव आहे, ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’. ब्रिटनमध्ये धंद्यांनुसार मृत्यूंचे आकडे मांडणाऱ्या विल्यम ओगल यांनी 1885 मध्येच याचा इशारा दिला होता. कष्टाच्या कामावर मुळात धडधाकट माणूसच घेतला जातो. तो आजारी पडला की हलक्या कामावर जातो किंवा काम सोडतो. उरतात ते टिकलेले. मग अभ्यासक येतो, टिकलेल्यांनाच मोजतो आणि जाहीर करतो की इथे सगळे ठणठणीत आहेत. काम जितकं जीवघेणं, तितकी माणसं लवकर गळतात आणि हजेरीपट तितकाच निरोगी दिसतो. म्हणूनच ‘आमच्याकडे कुणालाच काही त्रास नाही’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, गेल्या दहा वर्षांत इथून किती जण गेले आणि ते आता कुठे आहेत?

हा प्रश्न नीट विचारला तर काय हाती लागतं, याचं ॲस्बेस्टॉसच्या अभ्यासाइतकं मोठं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ॲस्बेस्टॉस हे तंतूंचं खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवतं, त्यामुळे वाफेच्या नळांपासून छतांपर्यंत सगळीकडे ते वापरलं गेलं. 1898 मध्येच ब्रिटनच्या कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनी या धुळीच्या काचेसारख्या टोकदार कणांबद्दल अहवालात लिहिलं होतं. 1930 मध्ये तिथल्याच कारखाना-निरीक्षक खात्यातल्या मेरेवेदर आणि प्राइस यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या फुप्फुसांचा आजार व्यवस्थित मोजून दाखवला. 1955 मध्ये रिचर्ड डॉल यांनी त्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. तरीही वाद संपेना. कारखान्यात तंतू विणणाऱ्यांना धोका असेल, पण तयार माल फक्त बसवणाऱ्यांना कशाला असेल, असं म्हटलं जाई.

न्यूजर्सीतल्या पॅटरसन गावात दवाखाना चालवणारे आयर्विंग सेलिकॉफ यांनी वेगळी वाट धरली. कंपन्यांच्या नोंदींची वाट न पाहता ते नळांना आणि बॉयलरना आवरण चढवणाऱ्या कामगारांच्या युनियनकडे गेले. युनियनचं सभासद रजिस्टर फार वेगळ्या प्रकारचं असतं. माणूस कंपनी सोडतो, दुसरीकडे जातो, आजारी पडतो, निवृत्त होतो, तरी त्याचं नाव तिथे राहतं. मेल्यावर घरच्यांना मदत द्यायची असते म्हणून मृत्यूचीही नोंद होते. 1942 च्या अखेरीस त्या यादीत 632 नावं होती. सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 पर्यंत त्यातल्या प्रत्येकाचं काय झालं ते शोधून काढलं. 1964 मध्ये निष्कर्ष छापून आले. फुप्फुसाच्या आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सर्वसाधारण लोकांत जिथे सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, तिथे 45 झाले होते. 1962 मध्ये कामावर हजर असलेल्यांनाच तपासलं असतं, तर हे 45 जण त्यात नसतेच.

इथे काळाचं गणितही लक्षात घ्यायला हवं. ॲस्बेस्टॉसचा तंतू छातीत शिरल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं जातात. तोवर माणसाने तीन कामं बदललेली असतात. डॉक्टर विचारतात, काय करता? तो सांगतो, निवृत्त आहे. रामाझिनींचा प्रश्न भूतकाळात विचारला नाही तर तो वायाच गेला. पहिल्या कामापासून विचारायचं, शाळेच्या सुट्टीत केलेल्या कामासकट.

आता अलीकडची गोष्ट. मे 2000 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात एका डॉक्टरांनी आरोग्यखात्याला कळवलं की त्यांच्याकडे फुप्फुसाच्या एका दुर्मीळ आजाराचे आठ रोगी आहेत. या आजारात श्वासाच्या सगळ्यात बारीक नळ्या व्रण धरून आवळल्या जातात, आणि त्या पुन्हा मोकळ्या होत नाहीत. आठांपैकी चौघं फुप्फुस बदलण्याच्या प्रतीक्षायादीवर होते. आठही जण मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या पॉपकॉर्नच्या एकाच कारखान्यात काम करून बाहेर पडलेले. पुन्हा तेच, माजी कामगार. मग सरकारी संशोधक कारखान्यात गेले आणि तिथे काम करत असलेल्यांना तपासलं. श्वासनलिका अरुंद झाल्याचं प्रमाण अपेक्षेच्या 3.3 पट निघालं. जिथे जिथे फुप्फुसांच्या आजाराची गोष्ट निघते, तिथे ‘तंबाखू ओढत असतील’ हे उत्तर तयार असतं. म्हणून कधीच धूम्रपान न केलेल्यांचा हिशेब वेगळा केला, तर त्यांच्यात ते प्रमाण 10.8 पट होतं.

दोष निघाला लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिल नावाच्या रसायनाकडे. ते विष म्हणून फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण खरोखरच ते खाल्लं जातं. खऱ्या लोण्यातही ते असतं, आणि खाण्याचा पदार्थ म्हणून त्याला मान्यता होती. पण ते गरम तेलात मिसळलं जात असताना टाकीवर वाकलेला माणूस ते खात नव्हता, श्वासातून घेत होता. पोट आणि छाती हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि ही मान्यता पहिल्याच रस्त्यापुरती होती. मला या प्रकरणाने फार अस्वस्थ केलं. गिऱ्हाईक सुरक्षित आहे याची खात्री करून घेताना ती वस्तू बनवणारा माणूस कुणाच्याच डोळ्यांपुढे आला नाही.

मोजायला नेहमी महागडी यंत्रंच लागतात असं नाही. कित्येकदा कॅलेंडर पुरतं. सूतगिरण्यांमधल्या कामगारांना सोमवारी छातीत आवळल्यासारखं व्हायचं आणि आठवडा सरता सरता बरं वाटायचं. रिचर्ड शिलिंग यांनी इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांमध्ये या सोमवारांवरूनच आजाराच्या पायऱ्या ठरवल्या: अधूनमधून एखादा सोमवार, प्रत्येक सोमवार, मग सोमवारच्या पलीकडचेही दिवस. डायनामाइटच्या कारखान्यांत याहून चमत्कारिक प्रकार होता. नायट्रोग्लिसरिनने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे नव्या माणसाचं डोकं भयंकर ठणकतं. काही दिवसांत शरीराला त्याची सवय होते आणि दुखणं थांबतं. सुट्टीत सवय मोडली की सोमवारी पुन्हा तेच. म्हणून कामगार सुट्टीच्या दिवशी ते रसायन थोडंसं टोपीच्या पट्टीला लावून ठेवत. आणि काही जण ऐन तरुण वयात, कामापासून एक-दोन दिवस लांब असताना, छातीत कळ येऊन कोसळत. सैल राहायला शिकलेल्या रक्तवाहिन्या ते रसायन तुटताच आवळल्या जात. डॉक्टरांना त्याचं कारण सापडण्याआधीच कामगारांनी सुट्टी आणि दुखणं यांचा मेळ घातला होता.

1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे कीटकनाशकांच्या कारखान्यात हेच झालं. एका विभागातल्या पुरुषांच्या आपापसातल्या गप्पांतून एक गोष्ट पुढे आली, की बऱ्याच काळात आपल्यापैकी कुणालाच मूल झालेलं नाही. असं बोलायला किती धीर लागला असेल याचा विचार करा. त्यांनी तपासण्यांचा आग्रह धरला. अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार कमी होते, काहींच्यात नव्हतेच. कारण होतं जमिनीतले सूत्रकृमी मारणारं डीबीसीपी नावाचं रसायन. आणि या रसायनाने उंदरांचे वृषण सुकतात हे 1961 मध्येच छापून आलेलं होतं. सोळा वर्षं ते ज्ञान छापील पानांत पडून राहिलं आणि ज्यांना त्याची गरज होती ते रोज त्या विभागात जात राहिले.

वास नसलेले, धूळ नसलेले धोकेही आता मोजता येतात. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवलं. लंडनमधल्याच व्हाइटहॉलच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुषांच्या अभ्यासात सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या नोकरांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यात वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. वरच्यांवर कामाचा ताण जास्त म्हणून हृदयविकारही त्यांनाच, हा समज त्याने पुसला. ज्याच्या कामाचा वेग दुसराच ठरवतो, त्याच्या शरीरावर त्याचा भार पडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे 2016 या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने 7 लाख 45 हजार मृत्यू झाले.

उपायांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते अवघड नाहीत. आधी ती वस्तू वापरायचं थांबवा, नाहीतर कमी घातक वस्तू घ्या, नाहीतर यंत्र बंदिस्त करून धूळ जागच्या जागी ओढून घ्या. मास्क सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात मास्क सगळ्यात आधी येतो, कारण तो स्वस्त असतो आणि तो घातला नाही तर दोष कामगाराला देता येतो. ‘परवडणार नाही’ हे ऐकूनही घाबरू नका. 1974 मध्ये केंटकीतल्या प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात यकृताचा अतिशय दुर्मीळ कर्करोग तीन कामगारांत आढळला आणि ते प्लॅस्टिक ज्या वायूपासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 500 वरून एकावर आणली गेली. उद्योग बुडेल अशी ओरड झाली. उद्योग चालूच राहिला, टाक्यांची तोंडं मात्र बंद झाली.

दगडाच्या त्या कारखान्यात मी पुढच्या वर्षी परत गेलो. या वेळी हजेरीपट मागितला नाही. त्या बाईंनाच बरोबर घेतलं आणि सोडून गेलेल्यांची घरं शोधली. यंत्र खांद्यावर घेऊन आम्ही हिंडलो. काहींना फुंकर पुरी करता आली नाही. दोन घरांत माणूस उरला नव्हता. मग त्याच्या बायकोला विचारलं, कितव्या वर्षी खोकला सुरू झाला, जिना चढणं कधी सुटलं, आडवं होऊन झोपणं कधी सुटलं. त्यांना सगळं तारखांसकट आठवत होतं. तेही मोजणीत घेतलं.

एका घरी तपासणी झाल्यावर खाटेवर बसलेल्या माणसाने विचारलं, “माझा कागद मला मिळणार का, की तुमच्याचकडे राहणार?” तोवर कुणालाच त्याचा कागद दिलेला नव्हता. आता आम्ही देतो. प्रत्येकाच्या हातात, त्याच्या भाषेत, शेजारी बसून समजावून. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि पाहणीच्या वेळापत्रकात ती मिनिटं मी आधी लिहितो.