भाड्याआधी विचारा, गाडी खाली कधी होणार?

नमस्कार श्रोतेहो. माझा एकच दहाचाकी ट्रक आहे. मालक मी, ड्रायव्हर मी आणि रात्री वही घेऊन बसणाराही मीच.

जानेवारीतली गोष्ट. हिंगणघाटहून रुईच्या गाठी कोइमतूरला जायच्या होत्या. १७० किलोची एक, अशा शंभर गाठी, म्हणजे १७ टन. टपरीवर चहा घेता घेता मी फोनवर टनाला ३२०० मागितले. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "दुसरा भाऊ एकतीसशेत तयार आहे." मी तीन हजारांवर आलो. माझा फोन ठेवला की मागच्या बाकावरच्या गड्याचा वाजायचा. त्याचा ठेवला की माझा. मला काही उमगेना! शेवटी मागून आवाज आला, "अठ्ठावीसशे, पण शेवटचं!" आणि लगेच माझा फोन वाजला, "तो अठ्ठावीसवर आला, बोला."

मी वळलो. तोही वळला. "काहो भाऊ, तुमी बी गाठीचंच बोलून राह्यले काय?"

मग बिडीच्या पाकिटावर हिशेब मांडला. साडेतेराशे किलोमीटर, भरल्या गाडीला लिटरला चार धरा, एकट्या जाण्याचं ३४० लिटर डिझेल. वर टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), टायर. दोघांनीही ठरवलं, बत्तीसच्या खाली जायचं नाही. चहाचे पैसे मी दिले. (टपरीवरचा चहा काचेच्या ग्लासातच प्यावा, कागदी कपाने त्याची पार चव जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला, पण अशी टपरी तिथे कुठे?)

ट्रान्सपोर्टवाल्याने तिसरीच गाडी लावली, अठ्ठावीसशेत. मी दोन दिवस थांबून सरकी ढेप घेऊन बारामतीकडे निघालो.

तर श्रोतेहो, भाडं विचारायच्या आधी विचारा, गाडी खाली, म्हणजे माल उतरून रिकामी, कधी होणार? पुन्हा सांगतो, खाली कधी होणार? गाडी उभी राहिली तर दिवसाचे किती, ते बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, लिहून घ्या. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते, ती संपत आली तर वेळेत वाढवून घ्या. पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-पावती, जपा, बाकीचं भाडं तिच्यावरच निघतं.

त्या तिसऱ्या गाडीचा गडी पुढे मला हिंगणघाटजवळच्या जाम गावच्या चौरस्त्यावर भेटला. कोइमतूरला पोहोचला तो ऐन पोंगलच्या सणाला. गिरणी बंद, हमाल गावी गेलेले. चार दिवस गाडीखाली स्टोव्ह पेटवून खिचडी खाल्ली. वॉचमनने एकदा घरचा गोड भात आणून दिला. त्या भाताचं कौतुक तो मला दहा मिनिटं सांगत होता. टनामागे सोडलेले चारशे, म्हणजे सतरा टनांचे ६८००, त्याच्या बोलण्यात कुठे आलेच नाहीत.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने कानाला लावला आणि पहिलंच विचारलं, "टनाला किती देता?"