तिसरी चौकट

नमस्कार श्रोतेहो.

आज मला तुमच्याशी चित्रांबद्दल बोलायचं आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून मी ती शब्दांनी काढत जाईन. तुम्ही फक्त मनात एक कोरा कागद धरून ठेवा.

या कागदावर आडव्या ओळीत चार सारख्या चौकटी आखा. पहिल्या चौकटीत रस्त्याच्या कडेला एक मुलगा आणि एक मुलगी बसली आहेत. समोरून गोल डोक्याचा एक पोरगा चालत येतोय. बसलेला मुलगा म्हणतो, हा बघ, आपला चार्ली ब्राउन आला. पोरगा त्यांच्यासमोरून जातो. मुलगा कौतुकानं पुन्हा त्याचं नाव घेतो, भला पोरगा म्हणतो. पोरगा पुढे निघून जातो. आणि चौथ्या चौकटीत तोच मुलगा, त्याच जागी बसून म्हणतो की, मला हा पोरगा अजिबात सहन होत नाही!

चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेची ही पहिली पट्टी. 2 ऑक्टोबर 1950 ला ती अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत छापून आली. मी ती ट्रेसिंग पेपर ठेवून किती वेळा गिरवली असेल याची मोजदाद नाही. गिरवताना एक गोष्ट हाताला कळली, जी नुसतं वाचताना डोळ्यांना कळली नव्हती. बसलेली दोन्ही मुलं जवळपास हलतच नाहीत. हालचाल आहे ती फक्त जाणाऱ्याची. तिसऱ्या चौकटीपर्यंत आपण ऐकतो ते एकच कौतुक, आणि ते घोळवलेलं कौतुक चौथ्या चौकटीत एका वाक्यानं फुटतं. ते वाक्य दुसऱ्याच चौकटीत आलं असतं तर नुसती चहाडी झाली असती.

मी हौशी चित्रकार. दिवसा नोकरी करतो आणि रात्री टेबलावरचा दिवा लावून चार चौकटी आखतो. पेन्सिलीनं कच्चं काढायचं, वर टाकानं शाई चढवायची, शाई पुरती वाळली की खोडरबर फिरवायचा. घाई केली तर रबर शाईला लागतं आणि तासाभराची मेहनत काळ्या फरकाट्यात जाते. पण हा संयम शिकता येतो. शिकायला खरं अवघड आहे ते हे, की माणूस हसतो तो नेमका कशाला.

काही वर्षांपूर्वी मी एक पट्टी केली होती. पहिल्या चौकटीत आजोबांनी पुस्तकांची उंच चळत रचली आहे, अगदी छताला टेकेल अशी, आणि ते समाधानानं हात झटकतायत. दुसरीत चिमुरडी नात सगळ्यात खालच्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणते, "आजोबा, मला ते हवंय." तिसरीत आजोबांच्या डोक्यावर संवादाचा भलामोठा फुगा, "अगं, ते तर सगळ्यात खाली आहे! ते काढलं तर सगळी चळत कोसळेल!" चौथीत दोघं जमिनीवर पालथी पडून, पसरलेल्या पुस्तकांच्या मधोमध, एकच पुस्तक वाचतायत.

माझ्या ताईला ही पट्टी दाखवली. तिनं मन लावून पाहिली, "छान आहे," म्हणाली आणि परत दिली. हसली नाही.

मी चार दिवस त्या कागदाकडे बघत बसलो. शेवटी तिसरी चौकट नव्यानं काढली, आणि तिच्यातून फुगाच काढून टाकला. आता आजोबा चळतीकडे बघतायत आणि नात आजोबांकडे बघतेय, एवढंच. आजोबांच्या बुबुळाचा ठिपका मी डोळ्याच्या वरच्या कडेला चिकटवला, नजर चळतीच्या शेंड्याला लागावी म्हणून. एक भुवई केसभर वर नेली. बाकी सगळं तसंच ठेवलं. ताईला पुन्हा दाखवली, तर चौथ्या चौकटीवर जाण्याआधीच तिला हसू फुटलं. चळत कोसळणार हे तिला आता कुणी सांगत नव्हतं, ते तिचं तिनं ओळखलं होतं. दुसऱ्यानं सांगितलेल्या गमतीपेक्षा आपण ताडलेली गंमत जास्त हसवते. तेव्हापासून माझ्या मनात मी या जागेला 'तिसरी चौकट' म्हणतो, मग ती पट्टीत कितवीही का असेना. काहीही न घडणारी, कुणीही न बोलणारी जागा.

आणि मला आवडणारे सगळे व्यंगचित्रकार, पुन्हा पुन्हा उघडून बघितल्यावर लक्षात आलं, याच जागेचे उस्ताद आहेत.

आर. के. लक्ष्मण घ्या. त्यांचा 'कॉमन मॅन', चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला तो टकला म्हातारा, तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. 1951 पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'यू सेड इट' सुरू झालं. सुरुवातीला लक्ष्मण त्या चौकटीत वेगवेगळ्या प्रांतांची बरीच माणसं काढायचे, सामान्य जनता दिसावी म्हणून. रोजचं चित्र रोज वेळेत द्यायचं, तेव्हा एकेक माणूस गळत गेला आणि उरला हा एकटा. मला यात नुसती वेळेची काटकसर दिसत नाही. गर्दीला चेहरा नसतो, एकट्याला असतो. आणि या एकट्याला लक्ष्मणनी बोलू दिलं नाही. बाकीचे सगळे बोलतात, आश्वासनं देतात, भाषणं करतात, आणि हा कोपऱ्यात उभा राहून बघतो. त्याच्या तोंडी एक जरी टोमणा घातला असता, तरी तो टोमणा लक्ष्मण यांचा झाला असता. तो गप्प आहे म्हणून तिथे आपण उभे राहू शकतो.

शि. द. फडणीस तर याच्याही पुढे गेले. त्यांनी चित्राखालची ओळच काढून टाकली. 1925 साली जन्मलेले फडणीस स्वतःच्या कामाला 'हास्यचित्र' म्हणतात, आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण त्यात कुणाचं व्यंग काढलेलं नाही. त्यांचं मासिकाच्या मुखपृष्ठावरचं एक गाजलेलं चित्र सांगतो. एक तरुणी आणि एक तरुण जवळजवळ उभे आहेत. तिच्या साडीच्या नक्षीत मांजरं आहेत, त्याच्या शर्टाच्या नक्षीत उंदीर. संपलं. कुणी काही बोलत नाही, कुणी कुणाकडे धावत नाही. पण तुम्ही ते चित्र बघता आणि तुमच्या डोक्यात पाठलाग सुरू होतो. हे काम कागदानं केलेलं नाही, तुम्ही केलंय. मराठी येत नसलेल्या माणसालाही हे चित्र तितकंच कळतं. त्यांच्या रंगाबद्दल आणि त्या गोलसर, स्वच्छ रेषेबद्दल मी तासभर बोलू शकेन, पण आज तो मोह आवरतो.

वसंत सरवटे यांचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही, कारण ते पेशानं स्थापत्य अभियंते होते. नोकरी सांभाळून माणूस केवढं काम करू शकतो याचा माझ्यापुरता हा सगळ्यात मोठा दाखला. त्यांची रेष बारीक, चौकस. माणसाची उभं राहण्याची ढब आणि हातातली पिशवी धरण्याची तऱ्हा यांवरून तो घरून भांडून निघालाय की उधारी मागायला निघालाय हे कळावं, इतकं ते बघायचे.

हौशी म्हटलं की लोकांना दुय्यम वाटतं. पण मुळात ही कला सुरू झाली तीच एका शाळामास्तराच्या हौसेतून. जिनिव्हाचा रोडॉल्फ टोप्फर. 1799 चा जन्म. वडील चित्रकार, यालाही चित्रकार व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या दुखण्यानं ती वाट बंद झाली. मग त्यानं शाळा चालवली, आणि 1827 च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चौकटींमागून चौकटी काढून गोष्टी रचायला लागला. छापण्याचा विचारही नव्हता. त्या वह्या महाकवी गटेंच्या हाती पडल्या, त्यांना त्या मनापासून आवडल्या, आणि पुढे 1830 च्या दशकात त्या छापून आल्या. आज जगभर ज्याला कॉमिक म्हणतात त्याचा मूळपुरुष म्हणून अनेक अभ्यासक टोप्फरचं नाव घेतात.

1845 साली त्यानं एक छोटा निबंध लिहिला, आणि त्यातला मुद्दा मला कुठल्याही चित्रकलेच्या वर्गापेक्षा जास्त उपयोगी पडला. तो म्हणतो की, चेहरा कितीही कच्चा, कितीही वेडावाकडा काढा, त्यावर काही ना काही भाव उमटतोच. भाव नसलेला चेहरा काढताच येत नाही. तुम्ही आज रात्री हे करून बघा. एक वर्तुळ, दोन ठिपके, एक आडवी रेघ. मग तसाच दुसरा काढा, फक्त ठिपके थोडे जवळ घ्या. तिसऱ्यात आडवी रेघ जराशी खाली सरकवा. दहा वर्तुळं काढलीत तर दहा माणसं तयार होतील, एक संशयी, एक नुकताच झोपेतून उठलेला, एक काहीतरी लपवणारा. मी आजही नवं पात्र हवं असलं की असाच पानभर वर्तुळं काढतो आणि त्यातला कोण माझ्याकडे बघतोय ते शोधतो.

आता विनोदाच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. कुणाला हसायचं? माझ्या आवडत्या चित्रकारांपैकी कुणीही पडलेल्या माणसाला वरून हसत नाही. जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट' 1913 ते 1944 अशी चालली. त्यात उंदीर मांजराला वीट फेकून मारतो आणि मांजराला ती वीट म्हणजे प्रेमाची खूण वाटते. एवढंच कथानक, तीस वर्षं. मागचा देखावा मात्र चौकटीगणिक बदलतो, पात्रं उभी तिथेच, आणि डोंगराचं झाड होतं, दिवसाची रात्र होते. अर्जेंटिनाच्या किनो यांची माफाल्दा, सूपचा तिटकारा असलेली आणि पृथ्वीच्या गोलाची काळजी करणारी मुलगी, 1964 ते 1973 अशी नऊच वर्षं नियमित छापून आली. ती मूळ एका घरगुती उपकरणांच्या जाहिरातीसाठी तयार झाली होती, ती जाहिरात निघालीच नाही. माफाल्दा प्रश्न विचारते, आणि पुढच्या चौकटीत तिचे आईवडील नुसते एकमेकांकडे बघतात. पुन्हा तीच जागा. मोठ्यांची ती हतबल शांतता किनो इतक्या मायेनं काढतात की आपल्याला त्या आईवडिलांचाही राग येत नाही.

आणि शेवटी पुन्हा शुल्झ, कारण माझं मन तिथेच परत जातं. सुमारे पन्नास वर्षांत 17,897 पट्ट्या, सगळ्या स्वतःच्या हातानं, मदतनीस न घेता. त्यांची आवडती निब एस्टरब्रुक कंपनीची होती, आणि गंमत म्हणजे तिचं नाव 'रेडिओ' होतं. कंपनी बंद होतेय म्हटल्यावर त्यांनी शिल्लक साठा विकत घेऊन ठेवला. 1981 मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरच्या वर्षांत हात थरथरायला लागला. ती थरथर रेषेत दिसते. त्यांनी ती लपवली नाही. नव्वदच्या दशकातली त्यांची एखादी पट्टी भिंगाखाली धरा, चार्ली ब्राउनच्या डोक्याचं वर्तुळ बारीक लाटांनी बनलेलं दिसेल. मला ती रेष तरुणपणीच्या गुळगुळीत रेषेपेक्षा जास्त आवडते.

त्यांचा एक प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. ल्यूसी फुटबॉल धरून बसते, चार्ली ब्राउन लांबून धावत येतो, लाथ मारणार तेवढ्यात ती बॉल काढून घेते आणि तो हवेत उडून पाठीवर आपटतो. 1952 पासून जवळपास दरवर्षी हे घडत आलं. वाचकाला शेवट माहीत, चार्ली ब्राउनलाही माहीत, तरी तो धावतो. त्याच्या त्या धावण्यावर शुल्झ यांचं प्रेम आहे, म्हणून आपण हसतो आणि पोटात तुटतंही.

1999 च्या ऑक्टोबरमध्ये हा प्रसंग शेवटचा आला. चार्ली ब्राउन धावायला निघणार, तेवढ्यात ल्यूसीला आईची हाक येते. ती बॉल धाकट्या भावाच्या, रीरनच्या हाती देऊन घरात जाते. चित्रही तिच्याबरोबर घरात जातं. थोड्या वेळानं रीरन आत येतो. ल्यूसी विचारते, काय झालं, बॉल काढून घेतलास की त्यानं लाथ मारली? रीरन सांगतो की, ते तुला कधीच कळणार नाही.

सत्तेचाळीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण शुल्झनी काढलाच नाही. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत तो ठेवून दिला. मी ही पट्टी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे डोळे त्या कोऱ्या पट्टीवर जाऊन थांबले, तिथे काही दिसेल म्हणून. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 12 फेब्रुवारी 2000 च्या रात्री शुल्झ गेले, आणि त्यांची निरोपाची रविवारची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आली.

ताई अजूनही माझी पहिली वाचक आहे. आता मी पट्टी दिली की तिच्या ओठांकडे बघत नाही, डोळ्यांकडे बघतो, ते कुठल्या चौकटीवर रेंगाळतात ते. परवा रात्री तिला नवी पट्टी दिली. त्यात तीच नात आता थोडी मोठी झालीय आणि आजोबांची खुर्ची रिकामी आहे. तिसऱ्या चौकटीत नुसती खुर्ची काढली आहे आणि तिच्यावर पालथं ठेवलेलं उघडं पुस्तक. ताईचे डोळे तिथे थांबले. बराच वेळ थांबले. मग चौथ्या चौकटीत नात ते पुस्तक उचलते आणि त्याच पानावरून पुढे वाचायला बसते, तिथे ती हसली, आणि कागद मला परत न देता तिनं स्वतःजवळच ठेवून घेतला.

नमस्कार.