चुकलेला भाग

(एका महिला मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं आवरून.)

पत्रिकेत विषय छापलाय 'मराठी मालिका : आशय आणि स्थित्यंतरे'. हे नाव माझं नाही. फोनवर मला विचारलं, कशावर बोलणार? मी म्हटलं, मालिकांवर. तर म्हणे, नुसतं मालिकांवर बरं दिसत नाही. तेव्हा आशय आणि स्थित्यंतरे मंडळाची, मालिका माझ्या. वेळ उरला तर स्थित्यंतरांकडे येऊ.

माझी पात्रता सांगते. ३६ वर्षं बँकेत काउंटरवर बसले आणि संध्याकाळी टीव्हीसमोर. दोन्हीकडे लोकांच्या घरातलं कळतं. (हशा)

माझं म्हणणं छोटं आहे. आजचा भाग संपला की उद्याच्या भागापर्यंत साधारण साडेतेवीस तास असतात. त्या वेळात आपण भाजी निवडताना जे ठरवतो, जावेशी ज्यावरून वाद घालतो, 'हिला काही अक्कल आहे का' असं कुकरची शिट्टी ऐकत म्हणतो, ती आपली मालिका. ही मधली जागा आता कोणी शिल्लक ठेवत नाही, ही माझी तक्रार. पुरावा म्हणून एकच गोष्ट सांगते.

'असंभव'. २००७ ते २००९. कोणी कोणी पाहिली? बघा, सगळे हात वर. म्हणजे कथा सांगायला नको. पुनर्जन्म, वाडा, आदिनाथ शास्त्री झालेला उमेश कामत आणि सुलेखा. नीलम शिर्केची सुलेखा आठवली की मी अजून मागच्या दाराची कडी बघून येते. सतीश राजवाडेचं दिग्दर्शन, चिन्मय मांडलेकरचं लेखन. कोण गेल्या जन्मी कोणाचं कोण, हे मी वहीत लिहून ठेवायची. गेला जन्म निळ्या शाईनं, हा जन्म काळ्या. सासूबाईंनी एकदा ती वही हिशेबाची समजून दूधवाल्यापुढे धरली. तो बिचारा बराच वेळ वाचत उभा.

आणि ते दिवस भारनियमनाचे! आपल्या साताऱ्यात लाइट जायची ती फीडरप्रमाणे, म्हणजे त्या त्या भागाच्या वीजवाहिनीप्रमाणे, आज ही पेठ, उद्या ती. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांच्याशी आपण जरा गोड बोलायचो. पण उपयोग काय? केबलचा सिग्नल पुढे ढकलणारा बूस्टर ज्या खांबावर, तिथेच वीज नाही. टीव्ही चालू आणि पडद्यावर मुंग्या. एका इन्व्हर्टरवाल्या घरात आम्ही नऊ जणी अर्धा तास मुंग्या बघत बसलेलो आहोत. मधेच कोणाला तरी सुलेखाचा आवाज आल्यासारखा वाटला, म्हणून उठायचं धाडस होईना.

तर त्या आठवड्यात सोमवारपासून काहीतरी उघडं पडणार, उघडं पडणार असं चाललेलं. नेमकी गुरुवारी आमच्या पेठेची पाळी. नणंद पोवई नाक्याकडे राहते, तिचा फीडर वेगळा. मी सासूबाईंना स्कूटीवर मागे बसवलं. पाऊस भुरभुरत होता. त्यांच्या मांडीवर थालीपिठांचा डबा, कारण लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. सबंध रस्ता मला मागून सूचना : "हळू चालव, लोणी सांडेल." आणि लगेच, "अगं, सुरू होईल की ते." हळू जायचं आणि लवकर पोचायचं. बँकेत वरच्या साहेबांचीही हीच अपेक्षा असायची, पण ते असू दे.

पोचलो. जिन्यातच शीर्षकगीत ऐकू आलं. सासूबाई गुडघे विसरून दोन-दोन पायऱ्या चढल्या. मी चपलेचा बंद सोडवत होते आणि लाइट गेली. नणंदेच्या फीडरचीही. आतून अंधारातून तिचा आवाज आला, "वहिनी, आई, जपून या. पायपुसणं उजवीकडे आहे." मेणबत्तीच्या उजेडात थालीपिठं खाल्ली. लोणी सांडलेलं नव्हतं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या एका भागाचा पत्ता लावायला निघाले. आमचे कॅशिअर, त्यांच्याकडे लाइट होती. ते नोटा मोजता मोजता म्हणाले, "मॅडम, सरळ इस्टेटीचा मामला आहे. सातबारा कोणाच्या नावावर आहे तेवढं बघा." भागात कोण काय बोललं ते त्यांना आठवेना, वाड्याचं क्षेत्रफळ मात्र त्यांनी अंदाजानं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत एक मैत्रीण म्हणाली, सगळं कानातल्यात आहे. सुलेखानं कालचे कानातले बदललेत, आणि बाई उगीच कानातले बदलत नाही. घरी आले तर शेजारचा आठवीतला मुलगा. त्यानं मला सबंध भाग असा सांगितला : "काकू, आधी धाड! मग तिच्या तोंडावर तीनदा कॅमेरा. मग परत धाड!" एवढंच. सगळ्यांत नेमकं बहुधा त्यानंच सांगितलं.

आणि चौथे एक निवृत्त मास्तर. पेन्शनीला आले होते. कॅशिअरांचं सातबाऱ्याचं व्याख्यान ऐकून ते काउंटरशी थांबले. पत्नी जाऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं. मला म्हणाले, "काल काय झालं ते मला काही उमजलं नाही. पण बाई, मागच्या जन्मीचं माणूस समोर आलं तर ओळखता येतं का हो?" मी पासबुकावर शिक्का मारला. काय बोलणार? "मलाही कालचा भाग बघायचा होता," म्हटलं. ते म्हणाले, "मग उद्या सांगतो," आणि खरंच शनिवारी आले. काही काम नव्हतं. आदल्या रात्रीचा भाग त्यांनी मला उभ्याउभ्या पहिल्यापासून सांगितला, मागे तीन माणसं खोळंबली होती.

मध्यंतरी भाचा म्हणाला, आत्या, तो भाग मोबाइलवर शोधून देतो. मी नको म्हटलं. माझ्याकडे त्याचे चार भाग आहेत, पाचवा कशाला?

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बाई, झाली की उरली? उरली. बरं. स्थित्यंतरे.

पळत सांगते. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. 'चिमणराव' बघायला आपण दुसऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसायचो. प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. मधे आठवडा जायचा आणि आठवडाभर पोरं त्यांची नक्कल करायची. पुढे सह्याद्रीवर 'दामिनी' आली, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. १९९९ला अल्फा मराठी, म्हणजे आताची झी मराठी, आणि तिच्यावर 'आभाळमाया'. सुकन्या कुलकर्णीच्या सुधा जोशीनं नवऱ्याला माफ करावं का, यावर आमच्या शाखेत दोन तट होते. ते माझ्या निवृत्तीपर्यंत टिकले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मात्र तेव्हाही आठवड्यातून एकदाच भेटायचे, म्हणून पाहुण्यासारखे हवेसे वाटले.

मग सगळंच रोजचं झालं आणि थांबणं अवघड झालं. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग. नावात चार दिवस. (हशा) 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं लांबत गेलेलं बाळंतपण तुम्ही विसरला नसाल. त्या घरात सहा सासवा होत्या, पण दिवस मोजायला एकीलाही जमलं नाही. उलट 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ला सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. त्यातलं जोडपं, घना-राधा, गेल्यावर मला आठवडाभर करमलं नाही. करमलं नाही हीच तिची पावती.

आता मधल्या जागेचं. गुरुवारी टीआरपी येतो, म्हणजे कोणती मालिका किती बघितली गेली त्याचा आकडा. आकडा पडला की कथेचा ट्रॅक बदलतो, लीप येतो म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे उडी मारते, नाहीतर कोणाची तरी स्मृती जाते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आपण कुठे दुसरीकडे वळू नये म्हणून प्रोमो. त्यात पुढच्या आठवड्याचं लग्न आजच लागतं, आणि प्रत्यक्षात ते स्वप्न निघतं. म्हणजे अंदाज बांधायचं आपलं काम त्यांनी घेतलं आणि तेही खोटं केलं! वर पैसे भरले की टीव्हीच्या आधी भाग मोबाइलवर. माझी सून सकाळी डबा भरताना बघून टाकते आणि रात्री माझ्या शेजारी बसून 'आता बघा हं' म्हणते. तिला मी काय सांगू? ती काय विचारणार मला?

या मुद्द्याची अजून तीन पानं आहेत, ती राहू देत. दुसरी चिठ्ठी आली आहे आणि मागच्या रांगेतल्या दोघी मघापासून घड्याळ बघतायत. मला कळतं कशासाठी. माझाही आजचा भाग इथे बोलण्यात चुकतोय. तुम्ही दोघी निघा, खुशाल निघा. सकाळी सातला मी दूध आणायला कोपऱ्यावर असते. तिथे भेटा. दोघी वेगवेगळ्या या.