‘नदीपण’ कुठे असतं?

२६ मे १३२८ची रात्र. आजच्या फ्रान्समधलं, रोन नदीकाठचं आव्हिन्यों. पोप त्या काळात रोमला नसतात, इथेच राहतात. अंधारात काही फ्रान्सिस्कन भिक्षू शहरातून निसटतात. त्यांत संघाचे प्रमुख मिकेले आहेत, आणि एक इंग्रज तर्कपंडित, ऑकमचा विल्यम.

पळण्याचं कारण होतं येशूची गरिबी. येशूच्या आणि शिष्यांच्या मालकीचं काही होतं की नाही, यावर पोपशी बिनसलं होतं. पण विल्यमला चार वर्षांपूर्वी इथे बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. त्याच्या लिखाणातली ५१ विधानं तपासायची होती.

असं काय लिहिलं होतं त्यानं?

शाळेतलं व्याकरण आठवा. नदी हे सामान्यनाम, रोन हे विशेषनाम. जुने पंडित म्हणत, प्रत्येक नदीत ‘नदीपण’ नावाचं काहीतरी खरोखरच असतं. विल्यम म्हणाला, जगात आहे ती ही नदी आणि ती नदी. ‘नदीपण’ आपल्या मनात आणि बोलण्यात. हाच नामवाद.

आता ‘माणूसपण’ असं काही नसेलच, तर देवासमोर माणसाचा ठरलेला साचाही नाही. देव मोकळा. स्वतःशीच विसंगत नसेल ते काहीही तो करू शकतो. विल्यमनं तर लिहून ठेवलं, की देवानं आज्ञा केली तर चोरीसुद्धा पुण्याची ठरेल. वाचणाऱ्यांना घाम फुटला असणार!

मग अशा देवाचा भरवसा कसा धरायचा? त्यानं दिलेल्या शब्दावर. जर्मनीतला नामवादी गाब्रिएल बील शिकवायचा, तुझ्याकडून होईल तेवढं कर, देव कृपा नाकारणार नाही.

पॅरिसमध्ये १४७४ साली राजा अकराव्या लुईनं नामवाद्यांच्या ग्रंथांवर बंदी घातली. पोथ्या साखळदंडांत अडकवल्या गेल्या. १४८१ला सुटल्या.

एरफुर्टला नामवादी गुरूंच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे मठात गेला. उपास केले, पापाच्या कबुल्या दिल्या. पण ‘होईल तेवढं’ झालं, हे ठरवायचं कुणी? तो मार्टिन ल्यूथर. सप्टेंबर १५१७मध्ये विटेनबर्गला त्यानं ९७ विधानं वादाला मांडली. त्यांत खोडून काढायला बीलचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ऑकमचंही येतं.

जगाला माहीत असलेली, प्रोटेस्टंट चळवळीची ठिणगी ठरलेली ९५ विधानं त्यानंतर आठ आठवड्यांनी आली.